वरच्याला दहा, खालच्याला एक

सुट्टीच्या पहिल्याच सोमवारी सकाळी काचवाला स्वयंपाकघरात कप विसळत होता आणि बाहेरच्या खोलीतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "वरच्याला दहा," आवाज म्हणाला, मग नाकानं एक बारीक श्वास आत ओढला गेला, आणि मग जरा लांबवून, "खाऽलच्याला एक." कप हातात तसाच राहिला, नळ वाहत राहिला. बायकोला जाऊन अख्खी थंडी उलटून गेली होती. तिचे कपडे तिची बहीण येऊन घेऊन गेली होती, दारातली चप्पल उचलायला त्याचा हात धजेना म्हणून ती शेजारणीनं उचलली होती, पलंगाची एक बाजू रिकामी ठेवून झोपायचंसुद्धा अंगवळणी पडलं होतं. म्हणजे ती नाही हे डोळ्यांना पटलं होतं, हातांना पटलं होतं. कानांना कुणी विचारलंच नव्हतं. तो ओल्या हातांनी दारापर्यंत आला. टेबलाशी पाठमोरी त्याची आठ वर्षांची लेक बसली होती, एक पाय खुर्चीवर दुमडून घेतलेला, आणि शाळेनं दिलेल्या उजळणीच्या पुस्तकात वजाबाक्या करत होती. पुन्हा तेच. वरच्याला दहा, श्वास, खाऽलच्याला एक. आवाज पोरीचाच होता, बारीक, अजून झोपेत असलेला. पण चाल तिच्या आईची होती, हुबेहूब, आणि आपण नक्कल करतोय हे पोरीच्या गावीही नव्हतं. तो चौकटीला टेकून उभा राहिला. आपण आता रडणार असं त्याला वाटलं, पण रडू आलं नाही. कप राहिले होते, दुकान उघडायचं होतं.

खारू हे नाव पोरीला आईनंच पाडलेलं. लहानपणी तोंडात घास साठवून बसायची, दोन्ही गाल फुगवून, आणि "गीळ बाई, गीळ एकदाचा" म्हणून आई मेटाकुटीला यायची तरी ही आपली खारीसारखी टुकूटुकू बघत राहायची. शाळेत तिचं काय चाललंय ते आईला माहीत असायचं, बापाला फक्त निकालाच्या दिवशी कळायचं. या वेळी निकालाच्या दिवशी बाईंनी त्याला थांबवून घेतलं. बाई भल्या होत्या, तरुण होत्या, आणि मेलेल्या बाईच्या नवऱ्याशी कुठल्या आवाजात बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं म्हणून जरा भरभर बोलत होत्या. "मुलगी हुशार आहे हो. पण वजाबाकी बघा तिची." त्यांनी पेपर पुढे केला. ८१ वजा ३६, उत्तर ३५. ५२ वजा १७, उत्तर २५. खाली पंचेचाळीस हवे होते, पस्तीस हवे होते. पानभर प्रत्येक उत्तर नेमकं दहानं कमी होतं. "आम्ही वर्गात शिकवतो की एकातून सहा जात नाहीत, तर शेजारच्या आठकडून एक दशक घ्या, आठचे सात करा. ती तेही करते. आणि घरी तिला कुणीतरी जुनी रीत शिकवलीय, वरच्याला दहा द्यायचे आणि खालच्या तीनमध्ये एक मिळवायचा. ती तेही करते. दोन्ही एकदम." बाई थांबल्या. "दोन्ही बरोबर आहेत तसं पाहिलं तर. पण एकच एक धरायला हवं, आणि पुढे सगळं आमच्या रीतीवर आहे. सुट्टीत हे पुस्तक करून घ्या. शाळा उघडायच्या आधी मी तिची पुन्हा परीक्षा घेईन, नाहीतर मोठ्या बाई तिला त्याच वर्गात बसवतील. या वर्षी तिचं आधीच..." त्यानं मान हलवली, पुस्तक पिशवीत टाकलं. घरी कुणी शिकवलं हे बाईंनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक सूर्य गॉगल लावून हसत होता. त्या सूर्याच्या एक ठेवून द्यावी असं त्याला का वाटलं कोण जाणे.

ती रीत म्हणजे त्याच्या सासुरवाडीची इस्टेट. सासरे मालाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावर होते. भरलेली गाडी उभी करा, आकडा लिहा, रिकामी करून परत आणा, आकडा लिहा, वजाबाकी. जन्मभर हेच. त्यांनी धाकटीला सोडून मोठीला शिकवलं, कारण धाकटीच्या डोक्यात काही शिरत नव्हतं, तसं तीच सांगते. लग्नाच्या आधी काचवाला पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला तेव्हा सासऱ्यांनी चहा यायच्या आत त्यालाही समजावायला घेतलं होतं. "भरल्या गाडीत एक पोरगं बसवलं, आणि रिकाम्या गाडीतही तेच पोरगं बसवलं, तर माल वाढला का कमी झाला?" तो म्हणाला, तेवढाच. "झालं तर मग. वरच्यालाही द्या, खालच्यालाही द्या, फरक हलत नाही. कुणाकडून उसनं आणायला नको, कुणाला कापायला नको." त्याला काडीचं कळलं नव्हतं. तो त्या वेळी दाराआडून कोण चहा आणतंय तिकडे बघत होता. आणि जी चहा घेऊन आली ती पाण्याचे मीटर वाचायचं काम करायची. दारोदार जायचं, झाकण उचलायचं, आजचा आकडा लिहायचा, मागचा वजा करायचा. ती त्याच्या दुकानात आली होती तीही मीटरसाठीच. मीटरची काच तडकली होती, आकडा दिसत नव्हता, तिनं कंबरेवर हात ठेवून विचारलं होतं, "काचेचं दुकान ना तुमचं? आणि ही दशा?" त्यानं तिथल्या तिथे गोल काच कापून बसवली. ती वाकली, आकडा वाचला, आणि उभ्या उभ्या स्वतःशीच पुटपुटली, वरच्याला दहा, श्वास, खाऽलच्याला एक. त्याला वाटलं होतं ही बाई देवाचं काहीतरी म्हणतेय. पुढे तो तिला चिडवायचा, तुमच्या घराण्यात पिढीजात वजाबाकी, बेरीज काय ती मी आणली. त्यावर ती म्हणायची, हो का, मग कर बरं बेरीज, आणि तो ती फोनवर बोटं मारूनच करायचा.

आज ते चिडवणं आठवून त्यानं फोन काढला. फोनमध्ये तिचे आवाज होते, नव्हते असं नाही. "इकडे बघ, हस," "अरे चालू झालं का," वाढदिवसाला सगळ्यांबरोबर गायलेलं. पण ते सगळे आवाज कुणाला तरी ऐकवायचे होते. स्वतःशी पुटपुटणाऱ्या बाईचा कोण कशाला फोन काढून आवाज घेईल? शेवटी दवाखान्यात ती बोलतच नव्हती, नळी होती. म्हणजे आता ती चाल जगात फक्त एकाच ठिकाणी उरली होती, आणि ती काढून टाकायचं काम बाईंनी त्याच्याकडे दिलं होतं.

पहिल्या दिवशी त्यानं बाईंची रीत समजावली. त्यालाही आधी फोनवर बघून घ्यावी लागली. खारूनं हनुवटी टेबलावर ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आईची चुकीची होती?"

"नाही. आईची बरोबर होती."

"मग बाईंची चुकीची?"

"तीही बरोबर आहे."

"मग बदलायचं कशाला?"

"दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्ही एकदम केलं की चुकतं. त्या दिवशी बघितलंस ना पेपरात."

खारूनं विचार केला. पोरगी विचार करायची तेव्हा कपाळाला आठी पडायची, ती मात्र त्याची होती. "मग असं करूया," ती म्हणाली, "एक दिवस आईची, एक दिवस बाईंची." आणि खरं सांगायचं तर त्याला हेच हवं होतं. त्यानं एवढं लगेच हो म्हटलं की पोरीनंच जरा संशयानं त्याच्याकडे बघितलं. मग काही दिवस तसं चाललं. आईच्या दिवशी तो दुकानात उशिरा जायचा. कप दोनदोनदा विसळायचा, नळ अगदी बारीक सोडून. त्या दिवशी त्याला घर घरासारखं वाटायचं. भिंतीपलीकडे ती बसलीय, कुणाच्या तरी मीटरचा हिशेब करतेय, आता हाक मारेल की चहा झाला का. हे वेडेपण आहे हे त्याला समजत होतं. आपल्याला समजतंय ना, मग झालं, असं म्हणून तो ते चालू देत होता. बाईंच्या दिवशी घरात फक्त पेन्सिलीचा आवाज असायचा. पुस्तकातला दुकानदार रोज चेंडू विकत होता, ८१ पैकी ३६, ९४ पैकी ५८, आणि खारू विचारायची की हा एवढे चेंडू आणतो कुठून आणि रोज थोडेच का उरतात. पण बाईंच्या दिवशी आई मधूनच डोकं वर काढायची आणि आईच्या दिवशी बाई. ८१ वजा ३६, पस्तीस. ६३ वजा २८, पंचवीस. पुन्हा सगळं दहानं कमी. पोरगी खोडत होती, करत होती, खोडत होती, पानाला भोक पडलं. "मी मठ्ठ आहे का रे?" तिनं विचारलं. रडत नव्हती, माहिती विचारल्यासारखं विचारलं. तेव्हा मात्र त्याला स्वतःची लाज वाटली. काच कापायची हिरकणी फिरवताना रेघ एकदाच ओढायची असते. दुसऱ्यांदा ओढली की काच आपल्या मनानं कुठंही फुटते. हे तो रोज दुकानात करत होता आणि घरी पोरीवर दोन दोन रेघा ओढत होता, का, तर सकाळी कप विसळताना त्याला बरं वाटावं म्हणून.

त्या रविवारी मावशी आली, बायकोची धाकटी बहीण. ती कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि रविवारी येऊन दोघांना शिस्त लावून जायची. तिनं पुस्तक पाहिलं, सगळं ऐकलं, आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "राहू द्या की तेवढं तरी. एक वर्ष मागे पडली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तिच्या सगळ्या मैत्रिणी पुढे जातील. आई गेली, आता मैत्रिणीही घालवू?"

"तुम्ही मला बोलून गप्प करू नका. तुम्हालाही ते नकोय, दिसतंय मला."

"तुला येते ती रीत? मग तू म्हणून दाखव रोज येऊन."

मावशीनं पिशवी उचलली. तिला येत नव्हती, ती बोटांवर करायची. जाताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, "ताई मला हसायची. म्हणायची, तुला दहा बोटं आहेत म्हणून चाललंय, अकरावं लागलं की बोंब." मग तिनं पदरानं नाक पुसलं. "करा काय ते. पोरीचं भलं बघा. माझं काय ऐकताय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं, भांडायला तरी कुणी मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खारूला सांगितलं की आता रोज बाईंचीच. तिनं मान डोलावली, पहिली वजाबाकी केली, चुकली. दुसरी चुकली. त्यानं बघितलं की हात बाईंचं करतो आणि ओठ आईचं म्हणतात, आणि शेवटी हात ओठांचं ऐकतो. "ओठ मिटून कर," तो म्हणाला. त्यानं हे फार सहज म्हटलं, दार लाव म्हणावं तसं. तिनं ओठ मिटले. मिटेनात, आतून हलत होते. पेन्सिल दातांत धरली तर लिहायचं कशानं? मग तीच उठली, स्वयंपाकघरात गेली, भांडंभर पाणी घेऊन आली, एक मोठा घोट तोंडात भरला आणि गाल टम्म फुगवून त्याच्याकडे बघितलं. आता बघ, असं. आणि पान सोडवायला बसली. खारीसारखी, अगदी तेव्हासारखी, पण आता गीळ म्हणायला कुणी नव्हतं आणि गिळून चालणारही नव्हतं. त्याला हसू आलं. ८१ वजा ३६, पंचेचाळीस. ६३ वजा २८, पस्तीस. पान संपलं, तिनं घटकन पाणी गिळलं आणि म्हणाली, "सगळी बरोबर?" सगळी बरोबर होती. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो कामाच्या माणसाचा हात, पोरीला रोजच जड वाटायचा.

तेव्हापासून रोज सकाळी टेबलावर पुस्तक, पेन्सिल, खोडरबर आणि पाण्याचं भांडं. ऊन दिवसेंदिवस लवकर घरात शिरू लागलं. तो कप विसळायचा, नळ बारीक सोडायचा, आणि पलीकडून काही येत नव्हतं. पाण्यानं भरलेल्या तोंडातून सुरुवातीला नुसता हुंकार यायचा, दोन चढते सूर, एक श्वास, दोन उतरते. शब्द गेले तरी चाल होती अजून. तो त्या हुंकारावर दिवस काढत होता. मग श्वास तेवढा राहिला. मग एका सकाळी त्याच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला आपण नुसती शांतता ऐकतोय, आणि ती कधी सुरू झाली ते आपल्याला कळलंही नाही. ज्या दिवशी शेवटचं ऐकलं तो दिवस शेवटचा आहे हे त्याला कळायला हवं होतं, असं त्याला वाटत राहिलं. दवाखान्यातही तसंच झालं होतं. ती शेवटचं काय बोलली ते त्याला नीट आठवत नव्हतं. बहुतेक, खिडकी जरा लोटून घे.

मग तिची रीत त्यानं स्वतःच शिकायची ठरवली. काय कठीण आहे, शब्द तर येतात. दुकानात दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खिडकीची काच कापायची होती. चौकट १२०३ मिलीमीटर, दोन्ही बाजूंना मिळून सहाची मोकळीक सोडायची. एरवी त्यानं फोनवर केलं असतं. त्यानं टेबलावर पसरलेल्या काचेवरच मार्करनं आकडे मांडले आणि पुटपुटला, वरच्याला दहा, तीनचे तेरा, तेरातून सहा गेले सात. पुढे शून्यातून शून्य, शून्य. बाराशे सात. हिरकणी फिरवली, काच स्वच्छ तुटली, टेम्पोत घालून तो डॉक्टरीणबाईंकडे गेला, आणि दवाखान्यात तोंड सुजलेल्या लोकांसमोर काच चौकटीत शिरेना. ती चौकटीपेक्षाच मोठी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं काम करताय, आज काय झालं?" तो म्हणाला, उन्हामुळे डोकं फिरलं. खाली बसून काच परत कापताना त्याला उमगलं की त्यानं वरच्याला दिलं होतं आणि खालच्याला द्यायचं विसरला होता. शब्द अर्धे म्हणून तो थांबला होता. ती श्वास घ्यायची त्या जागी तो थांबला होता आणि मग पुढे म्हणायचं राहूनच गेलं होतं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं, पण शिकावं म्हणून एकदाही ऐकलं नाही. ती असताना तिच्याकडे बघण्यातच सगळा वेळ गेला होता, आणि तेही पुरेसं बघितलं होतं असं आता त्याला वाटत नव्हतं.

शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी बाईंनी खारूची परीक्षा घेतली. तो बाहेर व्हरांड्यात लहान मुलांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला होता. खारूनं आत जाण्याआधी नळावर जाऊन तोंडात पाणी भरून घेतलं, आणि बाईंनी काही विचारलं तेव्हा नुसती मान हलवली. बाईंना काय वाटलं असेल ते असो. थोड्या वेळानं बाई स्वतः बाहेर आल्या, पेपर हातात, चेहरा उजळलेला. "एकही मिसळलेलं नाही. एकही. फार छान करून घेतलंत हो. मला वाटलं नव्हतं." मग जरा हळू आवाजात, "तिच्या आईला किती बरं वाटलं असतं." त्यानं हात जोडले. बाईंच्या हातून आपलं भलं झालं हे त्याला कळत होतं, आणि बाईंकडे बघवत नव्हतं. परतताना खारू घराघरांच्या पायऱ्यांवरून उड्या मारत पुढे चालली होती. नव्या वर्गात खिडकीशी बसणार, तिची मैत्रीण शेजारी बसणार, दोघींनी सारखं खोडरबर घ्यायचं ठरलंय. तो हो हो म्हणत होता. पोरगी सुखात होती. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं, मग आता हे काय चाललंय माझं, असं तो स्वतःला विचारत होता.

संध्याकाळी मावशी येऊन, पोरीला जवळ घेऊन, पापा घेऊन गेली. टेबलावर उजळणीचं पुस्तक पडलं होतं, सगळं भरलेलं; गॉगलवाल्या सूर्याला खारूनं पेन्सिलीनं मिशा काढल्या होत्या. मागच्या कोऱ्या पानावर त्यानं मांडलं, ८१, खाली ३६. "खारू, इकडे ये. एक करून दाखव. आईसारखं."

"का? बाईंनी पास केलं ना?"

"केलं. असंच. मला बघायचंय."

ती आली, पाय दुमडून बसली आणि सवयीनं पाण्याच्या भांड्याकडे हात नेला. त्यानं भांडं उचलून खाली जमिनीवर ठेवलं. "आज पाणी नको." तिनं खांदे उडवले, आठ खोडला, सात केला, एकाचे अकरा, पंचेचाळीस. डोळ्याचं पातं लवायच्या आत. "झालं."

"हे बाईंचं झालं. आईचं कर."

तिनं खोडलं. एकच्या डोक्यावर दहा दिले. पेन्सिल आपसूक आठकडे वळली आणि हवेत थांबली. ती थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिली, कपाळाला आठी. "मग काय करायचं असतं?"

"खालच्याला एक," तो म्हणाला.

"खालच्याला एक," ती म्हणाली, आणि तीनच्या पायाशी एक मिळवला. पंचेचाळीस आले. उत्तर बरोबर होतं, आणि तिनं ते त्याच्याच आवाजात म्हटलं होतं, सपाट, दुकानात माप सांगतात तसं. तिलाही ते जाणवलं. तिनं मान वर केली. "असं नाही रे म्हणायची ती."

"मग कसं म्हणायची?"

"वेगळंच. गाण्यासारखं. गाणं नाही, पण... थांब." तिनं पेन्सिल खाली ठेवली. पाठ ताठ केली. डोळे मिटले आणि नाकानं एक बारीक श्वास आत ओढला. तोच श्वास होता. तसाच, त्याच जागचा. काचवाल्याचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाले. तिनं तोंड उघडलं. ओठ हलायच्या तयारीत होते, जीभ वर गेलेली त्याला दिसत होती, आणि काहीच आलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं, तेवढा आवाज आला आणि गेला. खारूनं डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती घाबरली असावी, कारण तिनं लगेच ते पुन्हा मिटून घेतले, आणखी घट्ट.

"थांब हं बाबा," ती म्हणाली. "येतंय."

तो थांबला.